ओळंबा

सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी बेअरिंगं तपासली.
व्हर्नियरच्या जबड्यात एकेक कडं धरायचं,
दोन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं
की लाल पेटीत.
म्हणून पहिल्या रविवारी गांगुर्डे बाईंनी
टेबलावर तांब्याची कळशी ठेवून "काढा" म्हटलं,
तेव्हा मी मनात हसलो.

कळशीचं तोंड गोल.
मी गोल काढलं.

बाई माझ्या लेकीपेक्षा लहान. म्हणाल्या,
"काका, तुम्ही छताला टांगलेले आहात का?
या स्टुलावरून ते तोंड केवढं दिसतं?
एक डोळा मिटा. पेन्सिल धरा.
हात ताठ. कोपर मोडू नका."

नखाने पेन्सिलीवर माप धरत गेलो.
रुंदी चार, तर उंची जेमतेम एक.
झोपेला आलेल्या पापणीएवढी फट.
गोल म्हणून पास केलेले ते सगळे लाखो डबे
डोळ्यांपुढून गेले,
आणि पंख्याखाली घाम फुटला.

मग मी तांबटाच्या ठोक्यांच्या खुणा मोजायला लागलो.
त्यालाही बाई नको म्हणाल्या.
"डोळे बारीक करा. काय उरतं ते काढा."
उरला एक काळा डाग
आणि त्याला टेकलेला एक उजळ डाग.
कळशी कुठे गेली, कोण जाणे.

सहाव्या रविवारी वर्ग नदीवर,
दुतोंड्या मारुतीपुढे.
आमच्या गावात पूर फुटांत सांगत नाहीत.
गुडघ्याला लागला म्हणतात, कमरेला लागला म्हणतात,
आणि सराफ बाजारातला माणूस
कुठल्या फळीवरचं सामान उचलायचं ते ओळखतो.
"तेच करायचंय," बाई म्हणाल्या.
"डोकं हे माप. बाकीचा देव किती डोकी?"

माझा मारुती कलला.
पुसला, पुन्हा कलला,
होडीतून पाहिल्यासारखा.

त्या रात्री माळ्यावरून नानांची ट्रंक काढली.
नाना गवंडी. थापी कधीच कुणीतरी नेली होती.
तळाशी ओळंबा होता,
पितळ काळं पडलेलं, दोरा हातात तुटला.
गोधडीचा जाड दोरा ओवला.
नाना म्हणायचे, भिंतीला काय विचारतोस,
ती स्वतःची बाजू घेणार. दोऱ्याला विचार.

तो धरून उभा राहायचं
आणि झुलणं थांबेपर्यंत काही काढायचं नाही.
एवढं शिकायला मला तीन रविवार लागले.
कानाखाली सरळ काय येतं?
मी ठाम होतो, टाच.
दोरा टाचेच्या वीतभर अलीकडे थांबला.

नंतर घरातलं काहीही काढू लागलो.
कुकर, चप्पल, दारामागची छत्री.
एका संध्याकाळी कुमुद ओट्याशी पाठमोरी उभी होती.
मानेपासून दोरा सोडला.
डावा खांदा उजव्याहून दोन बोटं खाली.
वाटलं, माझा कागद तिरका आहे.
कागद सरळ केला.
दोन बोटं.

भाजीची पिशवी.
त्याआधी लेकीचं दप्तर.
त्याआधी लेक.
आणि मी त्या सगळ्या काळात
दोन शतांश मिलिमीटर शोधत होतो.

तिने ओले हात पदराला पुसून कागद घेतला.
बराच वेळ पाहिला.
"हा एवढा पडलाय?"
"दोरा म्हणतो."
"दोऱ्याला सांग, मीठ संपलंय."
पण कागद तिने परत दिला नाही,
डब्यांच्या मागे उभा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाजाराला निघताना
तिने पिशवी उजव्या खांद्याला अडकवली.
जिन्यात एकदा थांबली,
जड नसलेली पिशवी जरा वर ओढली,
आणि उतरली.

म्हणजे कालपर्यंत बरोबर असलेलं चित्र
आता चुकत जाणार.

मी ब्लेड घेऊन
पेन्सिलीला टोक काढायला बसलो.